धुराच्या पडद्यामागचे शहर : चॅटनूगा

भर दुपारी मोटारींचे दिवे लावून फिरण्याची वेळ ज्या शहरावर आली होती, त्याने आपली हवा, आपली नदी आणि आपला जुना पूल परत मिळवला. अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहराची ही कहाणी. तिच्यात कौतुक करण्यासारखे पुष्कळ आहे आणि थांबून विचार करण्यासारखेही.

अमेरिकेच्या नकाशात टेनेसी राज्याच्या दक्षिण टोकाला, जॉर्जिया राज्याच्या हद्दीला अगदी चिकटून चॅटनूगा नावाचे शहर आहे. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस यांच्या पंगतीत त्याला कुणी बसवत नाही. २०२० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १,८१,०९९ भरली. म्हणजे आपल्याकडच्या मापाने हे एखादे जिल्ह्याचे ठिकाण. अटलांटाच्या विमानतळावर उतरून मोटारीने उत्तरेकडे निघाले की दोन-सव्वादोन तासांत माणूस येथे पोहोचतो.

शहराची पहिली ओळख करून घ्यायची ती लुकआउट पर्वताच्या माथ्यावरून. पायथ्यापासून माथ्यापर्यंत १८९५ पासून एक तिरकी रेल्वे आहे. तिचा शेवटचा चढ इतका उभा आहे की डब्यात बसलेला माणूस आपोआप पुढची दांडी घट्ट धरतो. वर गेल्यावर खाली टेनेसी नदीचे मोठे वळण दिसते. आदिवासींच्या चामडी जोड्याच्या आकाराचे हे वळण, म्हणून त्याचे नाव ‘मोकॅसिन बेंड’. वळणाच्या पलीकडे पूल, मत्स्यालयाची काचेची शिखरे, चर्चचे मनोरे आणि मागे निळसर डोंगररांगा. हवा स्वच्छ असली म्हणजे दूरवरचा मुलूख दिसतो.

आज हे वाक्य सहज लिहिता येते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी या माथ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला खाली बहुतेक वेळा धुराची चादरच दिसे.

शर्ट दोनदा बदलावा लागे

चॅटनूगा हे कारखान्यांचे गाव होते. जवळच्या डोंगरांत कोळसा आणि लोखंड, दाराशी नदी आणि चारी दिशांना जाणारे रेल्वेचे फाटे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे फाउंड्र्या, बॉयलरचे कारखाने, नळ ओतणारे कारखाने आणि कापडगिरण्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात शहराबाहेर लष्कराने टीएनटी या स्फोटकाचा प्रचंड कारखाना घातला. त्याच्या धुराड्यांतून निघणारा धूर नारिंगी रंगाचा असे.

डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात हवा कोंडून राहते. धूर वर जायचा तो खालीच साचायचा. घराबाहेर वाळत घातलेले कपडे काळे पडत. कचेरीत जाणारे लोक दुपारी घालण्यासाठी दुसरा शर्ट बरोबर नेत, अशी आठवण जुने रहिवासी सांगत. मोटारींना दिवसा दिवे लावावे लागत. तरीही कुणी फारशी तक्रार केली नाही, कारण धुराडे बंद पडले की चूलही बंद पडते हे प्रत्येक घराला ठाऊक होते.

१९६९ साली केंद्र सरकारच्या पाहणीत हवेतील धूलिकणांच्या बाबतीत चॅटनूगाचा क्रमांक देशात सर्वांत वाईट लागला. वॉल्टर क्रॉंकाइट हे त्या काळचे अमेरिकेतील सर्वांत विश्वासाचे वृत्तनिवेदक. त्यांनी संध्याकाळच्या बातम्यांत हे देशाला ऐकवले आणि चॅटनूगा ‘अमेरिकेतील सर्वांत गलिच्छ शहर’ म्हणून घराघरांत पोहोचले.

नामुष्की कधी कधी उपयोगी पडते. त्याच वर्षी शहर आणि जिल्हा यांनी मिळून हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा केला. कारखान्यांना १९७२ च्या ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली गेली. नियम तपासणाऱ्या मंडळावर नागरिक होते, डॉक्टर होते आणि कारखानदारही होते. त्यामुळे ‘आम्हाला न विचारता केले’ अशी ओरड करायला फारशी जागा राहिली नाही. धूर गाळणारी यंत्रे बसवण्याचा खर्च कारखान्यांनी सोसला आणि बहुतेकांनी मुदत पाळली. पुढे १९८९ मध्ये शहराची हवा केंद्राच्या कसोटीला उतरली. धुराची लढाई वीस वर्षांत जिंकली गेली.

मात्र तोवर दुसरे संकट दाराशी आले होते. परदेशी पोलाद स्वस्त झाले, कापडाचा धंदा बाहेर गेला, टीएनटीचा कारखाना १९७७ मध्ये थांबला. एकामागून एक फाटकांना कुलुपे लागली. १९८० साली शहरात १,६९,५६५ माणसे होती. १९९० मध्ये १,५२,४६६ उरली. दहा वर्षांत दर दहा माणसांमागे एक माणूस उठून गेला. हवा स्वच्छ झाली, पण ती घ्यायला तरुण मुले गावात राहीनात.

सतराशे माणसांची सभा

अशा वेळी साधारणतः काय होते? राजधानीतून एखादा तज्ज्ञ येतो, जाड अहवाल लिहितो आणि अहवाल कपाटात जातो. चॅटनूगाने वेगळी वाट धरली. १९८४ मध्ये काही नागरिकांनी ‘चॅटनूगा व्हेंचर’ नावाची संस्था काढली आणि ‘व्हिजन २०००’ या नावाने गावसभा भरवायला सुरुवात केली. सुमारे पाच महिने या सभा चालल्या. बँकवाले, शिक्षिका, कारखान्यातून घरी बसलेले कामगार, गोरे, काळे असे जवळजवळ १,७०० लोक त्यांत आले. प्रश्न अगदी साधा ठेवला होता : सन २००० मध्ये हे गाव कसे असावे?

येणाऱ्यांनी आपापल्या कल्पना सांगायच्या, त्या भिंतीवर कागदावर लिहायच्या आणि मग सर्वांनी मिळून निवडायच्या. शेवटी चाळीस उद्दिष्टांची यादी तयार झाली. तिच्यात नदीकाठ लोकांसाठी मोकळा करणे होते, जुने नाट्यगृह दुरुस्त करणे होते, गरिबांना परवडणारी घरे होती. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटका करून घेणाऱ्या स्त्रियांसाठी आश्रयगृहही त्याच यादीत होते आणि ते लवकर उभेही राहिले. मोठमोठ्या इमारतींच्या यादीत ही मागणी आली, कारण सभेत बायका बसल्या होत्या.

पैसा कुठून आला? त्याचे उत्तर एका बाटलीत आहे. १८९९ साली चॅटनूगाच्या दोन वकिलांनी कोका-कोला बाटलीत भरून विकण्याचे हक्क मिळवले, तेही फक्त एक डॉलरच्या करारावर. तोवर हे पेय दुकानातल्या नळावरून पेल्यात मिळत असे. बाटलीच्या धंद्यात गावातील काही घराणी अतोनात श्रीमंत झाली. त्यांतल्या लप्टन घराण्याच्या न्यासाने आणि इतर देणगीदारांनी शहराच्या कामांत कोट्यवधी डॉलर घातले. सर्वच शहरांना असा घरचा कुबेर लाभत नाही, ही गोष्ट चॅटनूगाचे गोडवे गाताना विसरू नये.

नदीकडे तोंड

पूर्वी शहराची पाठ नदीकडे होती. काठावर गोदामे, रुळ आणि भरधाव रस्ता. मुलांनी नदी पाहायची ती पुलावरून, मोटारीच्या काचेतून. सभांतील लोकांनी मागितले ते नेमके हेच, की नदी परत द्या.

१९८९ मध्ये नदीकाठच्या पायवाटेचा पहिला तुकडा खुला झाला. आज ही वाट चिकामॉगा धरणापासून शहरापर्यंत आणि त्याच्याही पुढे वीस किलोमीटरहून अधिक लांब आहे. सकाळी तिच्यावर पळणारे तरुण दिसतात, गळ टाकून बसलेले आजोबा दिसतात, बाबागाडी ढकलणाऱ्या आया दिसतात. वाटेवर तिकीट नाही.

१ मे १९९२ रोजी ‘टेनेसी ॲक्वेरियम’ उघडले. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावात मत्स्यालय काढायचे, ही कल्पना अनेकांना हास्यास्पद वाटली होती. खर्च साडेचार कोटी डॉलर, तोही देणग्यांतून. पण या मत्स्यालयाची गंमत अशी की त्याने नदीचीच गोष्ट सांगितली. पाहुण्याने आधी सरकत्या जिन्याने सर्वांत वर जायचे. तेथे ॲपेलेशियन डोंगरातले जंगल, झरे आणि पाण्यात सुळकन पोहणारी पाणमांजरे. मग उताराने एकेक मजला खाली यायचे, तसतशी नदी रुंद होत जाते आणि शेवटी मेक्सिकोच्या आखाताला मिळते. दारापाशी वाहणाऱ्या पाण्यात काय काय राहते, हे चॅटनूगाच्या मुलांना तेथे पहिल्यांदा कळले.

दुसरा मान मिळाला जुन्या वॉलनट स्ट्रीट पुलाला. १८९१ चा हा लोखंडी पूल ७२४ मीटर लांब. तो खिळखिळा झाला म्हणून १९७८ मध्ये मोटारींना बंद केला गेला आणि पाडायचेही घाटत होते. लोकांनी तो वाचवला. देणगी देणाऱ्यांची नावे धातूच्या पट्ट्यांवर कोरून बसवली. कुणी स्वतःचे नाव घातले, कुणी नातवंडांचे. १९९३ मध्ये पूल केवळ पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला आणि पलीकडच्या तीरावरची ओस पडलेली पेठ पुन्हा गजबजली. जुना पूल म्हणजे दुरुस्ती आलीच. तेव्हा जाणाऱ्याने तो खुला आहे ना, याची आधी चौकशी करावी.

त्याच सुमारास, १९९२ मध्ये, शहराच्या वाहतूक मंडळाने विजेवर चालणाऱ्या छोट्या बस रस्त्यावर आणल्या. वीजगाड्या आज आपल्या शहरांतही दिसतात, पण त्या वेळी अमेरिकेतही ही नवलाई होती. शहराच्या दोन टोकांना वाहनतळ बांधले, लोकांनी मोटार तेथे ठेवायची आणि पुढे बसने फिरायचे. बसला भाडे नाही. वाहनतळाच्या उत्पन्नातून तिचा खर्च भागवायचा. धुरासाठी बदनाम झालेल्या गावाने धूर न सोडणारी बस चालवावी, याचे पाहुण्यांना फार अप्रूप वाटे.

पुढे २००१ ते २००५ या काळात महापौर बॉब कॉर्कर यांनी नदीकाठाचे उरलेले काम हाती घेतले. १२ कोटी डॉलरची ही योजना तीन वर्षांच्या आत पुरी झाली. मोठा वाटा देणग्यांतून आला, उरलेले कर्ज हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्यांवरील करातून फेडायचे ठरले. भरधाव रस्ता अरुंद करून शहर पाण्यापर्यंत नेले गेले.

आगगाडीचे गाव, पण आगगाडी नाही

चॅटनूगाचे नाव जगभर नेले ते एका गाण्याने. १९४१ चे ग्लेन मिलर यांच्या वाद्यवृंदाचे ‘चॅटनूगा चू चू’ एवढे खपले की ध्वनिमुद्रिका कंपनीने त्याबद्दल सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी भेट दिली. जगातील पहिली ‘गोल्ड रेकॉर्ड’ ती हीच. १९०९ मध्ये बांधलेले घुमटाचे रेल्वे स्थानक गाण्यामुळे प्रसिद्धीस आले. पण १९७० मध्ये तेथून शेवटची उतारू गाडी गेली. स्थानक पाडले जाणार होते, ते १९७३ मध्ये हॉटेल झाले. उभ्या असलेल्या डब्यांत पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या. मुंबईच्या वाचकाला नवल वाटेल, पण आगगाडीच्या गाण्याने गाजलेल्या या गावाला उतारूंची गाडी आजही नाही.

येथल्या आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या. बिघडलेली मोटार ओढून नेणारी गाडी १९१६ मध्ये चॅटनूगातल्या एका गॅरेजवाल्याने प्रथम बनवली. त्या गाड्यांचे संग्रहालयही शहरात आहे. आणि ब्लूज गाण्यांची सम्राज्ञी म्हटली जाणारी बेसी स्मिथ याच गावची. लहानपणी ती येथल्या नाइन्थ स्ट्रीटवर पैशांसाठी गात असे. या रस्त्याला आता मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आहे.

विजेच्या तारेमागोमाग

हे खोरे भारताला एका वेगळ्या नात्याने जवळचे आहे. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन केले. पूर आवरायचे, वीज काढायची आणि दरिद्री मुलूख वर काढायचा, अशी तिहेरी कामगिरी त्याच्याकडे होती. चॅटनूगाजवळचे चिकामॉगा धरण १९४० मध्ये पुरे झाले. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापले ते याच नमुन्यावर.

स्वस्त वीज आली, तशी ती घराघरांत पोहोचवायला शहराने १९३५ मध्ये स्वतःचे वीज मंडळ काढले. ‘ईपीबी’ या नावाने ते ओळखले जाते. नफा वाटून घ्यायला त्याला भागधारक नाहीत. याच मंडळाने एकविसाव्या शतकात सर्वांना चकित केले.

झाड पडून तार तुटली की कुठे बिघाड झाला हे क्षणात कळावे आणि वीज दुसऱ्या वाटेने वळावी, यासाठी मंडळाला आपल्या तारांबरोबर ऑप्टिकल फायबर टाकायचे होते. फायबर पडणारच, तर त्याच्यावरून घरोघर इंटरनेट का देऊ नये? खासगी केबल कंपन्यांनी कोर्टात धाव घेतली, पण त्यांचे दावे टिकले नाहीत. मंडळाने कर्जरोखे काढले. २००९ च्या मंदीत केंद्र सरकारने सुमारे ११ कोटी १५ लाख डॉलरचे अनुदान दिले, त्यामुळे दहा वर्षांचे काम फार लवकर झाले. सप्टेंबर २०१० मध्ये ईपीबीने आपल्या हद्दीतल्या प्रत्येक घराला आणि दुकानाला सेकंदाला एक गिगाबिट वेगाची जोडणी देऊ केली. अमेरिकेत तोवर कुठल्याही शहरात ही सोय नव्हती. श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती असा भेद त्यात नव्हता, कारण वीज सगळीकडे जाते तिथे ही तारही गेली.

टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा शाखेतील अर्थतज्ज्ञ बेंतो लोबो यांनी पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला. या जाळ्याने शहराला आणि जिल्ह्याला २.६९ अब्ज डॉलरचा लाभ झाला आणि ९,५०० च्या आसपास रोजगार निर्माण झाले, असे त्यांच्या अभ्यासात निघाले.

पैशांच्या आकड्यांपेक्षा एक गोष्ट अधिक बोलकी आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या. गरीब घरांतली मुले धड्यासाठी उपाहारगृहांच्या बाहेर गाडीत बसून इंटरनेट पकडत, अशी दृश्ये अमेरिकेत अनेक ठिकाणी होती. चॅटनूगाने जुलै २०२० मध्ये गरीब कुटुंबांतील सुमारे २८,००० विद्यार्थ्यांना घरी मोफत इंटरनेट द्यायचे ठरवले, तेही दहा वर्षांसाठी. तार आधीच दारापर्यंत गेली होती, म्हणून हे जमले.

पण तारेलाही कुंपण आहे. राज्याचा कायदा वीज मंडळाला स्वतःच्या हद्दीबाहेर इंटरनेट देऊ देत नाही. केंद्रीय दळणवळण आयोगाने २०१५ मध्ये तो अडसर दूर करण्याचा प्रयत्न केला. अपील न्यायालयाने २०१६ मध्ये आयोगाचा निर्णय रद्द केला. त्यामुळे हद्दीच्या अलीकडे देशातले सर्वांत वेगवान जाळे आणि पलीकडच्या खेड्यात रडतखडत चालणारी जोडणी, असे विचित्र चित्र तयार झाले.

बारुदाच्या जागी मोटार

बंद पडलेल्या टीएनटी कारखान्याची जमीन शहराने आणि जिल्ह्याने मिळून घेतली, साफ केली आणि मोठ्या कारखान्याची वाट पाहिली. जुलै २००८ मध्ये फोक्सवॅगनने ही जागा निवडली. सरकारांनी मिळून ५७ कोटी डॉलरहून अधिक सवलती दिल्या. एप्रिल २०११ मध्ये पहिल्या मोटारी तयार होऊ लागल्या. पुण्याजवळ चाकणला याच कंपनीचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला होता, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाला ही जमिनीची, सवलतींची आणि नोकऱ्यांची चर्चा अनोळखी नाही.

एवढ्या सवलती देऊन मिळालेल्या नोकऱ्या कशा असाव्यात, हा प्रश्न मग कामगारांनी विचारला. मोटार कामगारांच्या संघटनेला मान्यता द्यावी की नाही, यावर कारखान्यात २०१४ मध्ये मतदान झाले. बाजूने ६२६, विरुद्ध ७१२. २०१९ मध्ये पुन्हा थोडक्यात हार. राज्यातील बडे राजकारणी दोन्ही वेळा संघटनेच्या विरोधात उभे होते. माजी महापौर आणि पुढे सिनेटर झालेले कॉर्करही २०१४ मध्ये त्यांत होते. एप्रिल २०२४ मध्ये तिसऱ्यांदा मतदान झाले तेव्हा २,६२८ कामगारांनी होकार दिला, ९८५ जणांनी नकार. अमेरिकेच्या दक्षिणेत, जेथे संघटनेचे नाव काढणे अवघड, तेथे हा निकाल मोठा मानला गेला.

ज्यांना विचारले नाही

चॅटनूगाची कहाणी येथे संपवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. लोकांना विचारून केलेल्या कामांनी हे शहर सावरले. आणि ज्यांना विचारलेच नाही त्यांच्या जखमाही याच शहरात आहेत.

पहिले चेरोकी आदिवासी. १८१६ च्या सुमारास त्यांचा नेता जॉन रॉस याने नदीकाठी धक्का आणि दुकान उभारले, तेथून या गावाचा जन्म झाला. १८३८ मध्ये सरकारने चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलले. रॉसच्याच धक्क्यावरून त्यांच्या होड्या सुटल्या. हजारो माणसे वाटेत मेली, रॉसची पत्नी त्यांतलीच एक. त्या वाटेला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. २००५ मध्ये मत्स्यालयाशेजारून नदीकडे उतरणारा एक मार्ग बांधला गेला. त्यावर चेरोकी कलावंतांनी घडवलेल्या सात मोठ्या मातीच्या चकत्या आहेत आणि पायऱ्यांवरून पाणी वाहते. उन्हाळ्यात लहान मुले त्या पाण्यात खिदळतात.

दुसरे काळे रहिवासी. पन्नास-साठच्या दशकांत ‘नागरी सुधारणा’ म्हणून शहराच्या पश्चिमेकडची जुनी वस्ती पाडली गेली. कॅमेरॉन हिल नावाची टेकडी माथ्यापासून कापून तिची माती महामार्गाच्या भरावाला वापरली. ज्यांची घरे गेली, त्यांत गरीब काळी कुटुंबे फार होती. मतपेटीतही त्यांचा आवाज दबलेला होता, कारण शहराचा कारभार पाहणारे आयुक्त सगळ्या शहरातून निवडले जात आणि काळ्यांची मते त्यात विरून जात. १९८९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. १९९० पासून नऊ प्रभागांची नगरपरिषद आली आणि प्रत्येक मोहल्ल्याला आपला प्रतिनिधी मिळाला. व्हिजन २००० इतकीच, कदाचित तिच्याहून मोठी, सुधारणा ही. पण माहितीपत्रकांत तिचा उल्लेख क्वचित सापडतो.

आता त्रास वेगळा आहे. शहर सुंदर झाले, बाहेरचे लोक राहायला आले आणि भाडी चढली. किंग रस्त्याच्या आसपास, बेसी स्मिथच्या जुन्या मोहल्ल्यात, नव्या सदनिका उभ्या राहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे दूर सरकली. नदीकाठी तिकीट नाही हे खरे, पण नदीकाठापर्यंत चालत जाता येईल इतक्या जवळ राहणे महाग झाले.

एप्रिल २०२५ मध्ये चॅटनूगाला ‘नॅशनल पार्क सिटी’ हा मान मिळाला. लंडन आणि ॲडलेडनंतर जगातील हे तिसरे, उत्तर अमेरिकेतील पहिले. धुराच्या चादरीखालच्या गावाला हिरव्या शहराचा मान मिळावा, यासाठी छप्पन्न वर्षे लागली.

वॉलनट स्ट्रीट पुलाच्या दक्षिण टोकाशी मात्र याहून अवघड काम झाले. १९ मार्च १९०६ च्या रात्री एड जॉन्सन नावाच्या काळ्या तरुणाला जमावाने तुरुंगातून ओढून आणले आणि या पुलावर फाशी दिली. त्याच्यावरचा बलात्काराचा आरोप खोटा होता. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन काळ्या वकिलांनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फाशीला स्थगिती मिळवली होती. जमावाने स्थगितीलाही जुमानले नाही. सर्वोच्च न्यायालयाने शेरीफ शिप याला न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा केली. त्या न्यायालयाने स्वतः चालवलेला हा एकमेव फौजदारी खटला. वकिलांना गाव सोडावे लागले. शिक्षा भोगून परतलेल्या शेरीफचे गावात स्वागत झाले.

२००० मध्ये जॉन्सनची शिक्षा रद्द झाली आणि १९ सप्टेंबर २०२१ रोजी पुलाशी त्याचे स्मारक उभे राहिले. ब्राँझचे तीन पुतळे आहेत : जॉन्सन आणि त्याचे दोन वकील. जॉन्सन फासाकडे पाठ करून चालू लागला आहे.

पुलाच्या फळ्यांवर हजारो लोकांची नावे आहेत. ती देणगी देऊन कोरलेली. या एका नावासाठी मात्र शहराला एकशे पंधरा वर्षे लागली. हवा शुद्ध करायला वीस वर्षे पुरली होती.